गिफ्ट कार्डाची पँट

शिंप्याशी लग्न केलेल्या बाईने नवऱ्याला कुठलीही वस्तू ‘साधीशीच करा’ म्हणून सांगू नये. मला हे एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. कळलं असतं, तर तळहाताएवढ्या एका गिफ्ट कार्डापायी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिलाईमशीन चढलं नसतं आणि आम्ही नवरा-बायको ताटल्या हातात धरून उभ्याने जेवलो नसतो.

सुरुवात झाली माझ्या धाकट्या जावेच्या फोनने. वर्षअखेरची सुट्टी तोंडावर आली होती.

“ताई, यंदा सुट्टीत जेवायला या. दोघंही.”

मी फोन कानाला लावून खाली बसलेच. आमचे हे आणि माझे दीर, दोघे सख्खे भाऊ, तीन वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

“भावजींना विचारलंस का?”

“विचारलं. नको म्हणाले नाहीत.”

“म्हणजे हो म्हणाले?”

“तुम्हीपण ना ताई! नको म्हणाले नाहीत म्हणजे आमच्याकडे हो.” मग तिने आवाज खाली आणला. “आणखी एक आहे. ह्यांना लांबच्या गावच्या कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. सुट्टी संपली की उत्तर द्यायचंय. गेलो तर बिऱ्हाडासकट जाणार. दादांना यातलं काही सांगू नका, तुम्हाला माझी शपथ.”

 गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गल्लीत राहणारी माणसं रुसलेली असली तरी कधीतरी भेटतील अशी आशा असते. गाव सोडून गेलेल्या माणसांवर तेवढाही भरवसा ठेवता येत नाही.

भांडणाचं कारण मात्र कुणाला सांगायची सोय नाही. लोकांचे भाऊ घरावरून भांडतात, जमिनीवरून भांडतात. आमचे दोघे चोरखिशावरून भांडले. पँटच्या कमरपट्ट्याच्या आत, उजव्या अंगाला, शिंपी एक लहानसा खिसा शिवतात, बाहेरून न दिसणारा; तो चोरखिसा. माझ्या सासऱ्यांनी प्रत्येक पँटला तो बसवला, त्यांच्यामागे ह्यांनी बसवला. भावजींचं म्हणणं, हल्ली कोण नोटा दुमडून कमरेत ठेवतं? गिऱ्हाइकाला त्या खिशाचा पत्ताही नसतो, वेळ मात्र आपला जातो. ह्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक वापरो न वापरो, खिसा असलाच पाहिजे. दुकान एक, मशिनी दोन आणि दिवसभर हाच विषय. वरच्या मजल्यावर स्वयंपाक करताना आम्हा दोघी जावांना तो पाठ झाला होता.

मग एकदा भावजींनी एका तरुणाची पँट चोरखिशाशिवाय देऊन टाकली. तो ती घालून नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता. ह्यांना कसं कळलं देव जाणे. त्याच्या चालण्यावरून कळलं म्हणतात. ह्यांनी त्याला भर रस्त्यातून परत आणलं, पँट उतरवायला लावली, आणि तो बिचारा टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलेला असताना आत चोरखिसा शिवून दिला. त्याला नोकरी मिळाली की नाही माहीत नाही. आमच्याकडे तो पुन्हा फिरकला नाही एवढं नक्की.

“दादा,” भावजी म्हणाले, “तू त्याची नाही, माझी पँट उतरवलीस.” आणि दुसऱ्या दिवशी आपलं मशीन हातगाडीवर चढवून निघून गेले. गाडीमागून माझी जाऊ चालत गेली, हातात घड्याळ आणि कढई घेऊन.

भाऊ गेला याचं ह्यांना काय वाटलं ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. मला काय वाटलं ते मी सांगते. जावा म्हटलं की लोकांना भांडणच आठवतं. आमचं तसं नव्हतं. ती दूध उतू घालवायची, मी ओरडायचे, मी ओरडले की ती हसायची, ती हसली की माझा राग आणखी चढायचा; आणि तरी दुपारचा चहा तिच्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नसे. भाऊ भांडले आणि शिक्षा आम्हाला झाली. तेव्हापासून आम्ही भाजीबाजारात कांद्याच्या ढिगाआड भेटायचो, शाळा बुडवणाऱ्या पोरींसारख्या. मला माझी जाऊ परत हवी होती. बाकी चोरखिसा गेला खड्ड्यात.

तर जेवायला जायचं ठरलं. हे सुद्धा ‘नको’ म्हणाले नाहीत. खानदानी सवय आहे ती. आता रिकाम्या हाताने कसं जायचं? भावजींची इस्त्री धूर सोडते असं जावेने सांगितलं होतं, म्हणून मी एका मोठ्या दुकानातून गिफ्ट कार्ड आणलं. ज्याला जी हवी ती इस्त्री त्याने आणावी, माझ्या डोक्याला ताप नको. काऊंटरवरची पोरगी म्हणाली, नुसतं कार्ड बरं दिसत नाही, सोबत हे पाकीट घ्या. सोनेरी होतं, चकचकीत, हात लावला की चमकी बोटांना लागत होती. घेतलं आणि टेबलावर आणून ठेवलं.

ह्यांनी ते दोन बोटांत धरून उचललं, मेलेली पाल उचलावी तसं.

“हे काय?”

“कार्ड ठेवायचा खिसा. भावजींना द्यायला.”

“मी जिवंत असताना,” हे म्हणाले, “माझ्या भावाला विकतचा खिसा?”

मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. तीन वर्षं ह्यांच्या तोंडी ‘तो’, ‘त्याला’, ‘तिकडचा’ एवढंच होतं. ‘माझ्या भावाला’ हे शब्द मी विसरलेच होते.

“मग करा की तुम्ही,” मी म्हणाले. “साधासाच करा.”

इथे माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून हे वर आले ते टेप, खडू आणि मोठी कात्री घेऊन. आधी कार्डाचं माप घेतलं. उभं घेतलं, आडवं घेतलं, मग पुन्हा उभं घेतलं, कारण कार्ड मधल्या वेळात वाढलं तर! मी म्हणाले, चौकोनी कागद घ्या, दुमडा, कडा बंद करा, झालं पाकीट. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गोणपाटाचा सूट शिवायला सांगितलाय.

“पाकीट पोस्टमन देतो,” हे म्हणाले. “शिंप्याने द्यायची ती पँट.”

म्हणजे कागदाची पँट. वीतभर. बेल्टच्या पट्ट्या, बाजूचे दोन खिसे, मागे झाकणाचा एक खिसा, मधोमध इस्त्रीची कडक घडी. आणि त्यात कार्ड.

कागद हा प्राणी ह्यांच्या ओळखीचा नव्हता. पहिली पँट वर्तमानपत्राची केली. ती मशीनखाली जाताच लोळागोळा झाली. दुसरी जुन्या कॅलेंडरची. त्याच्या गुळगुळीत अंगावर खडू उठेना. मग मला स्टेशनरीच्या दुकानात पिटाळलं. मी जाड निळा कागद आणला तर म्हणाले, “ह्याचा उभा धागा कुठला?” मी म्हणाले, “कागदाला धागा नसतो.” ते म्हणाले, “म्हणून तर त्याला कोणी अंगावर घालत नाही.” या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं; फरक इतकाच की भिंत उलट उत्तर देत नाही.

खरी पंचाईत टाक्यांची झाली. ह्यांचा टाका बारीक. गावात नाव आहे त्या टाक्याचं. पण कागदावर बारीक टाका घातला की भोकांची ओळ तयार होते, आणि जरा ओढलं की पँटचा पाय तिकीट फाटावं तसा सरळ रेषेत हातात येतो. दोन पँटी अशा लंगड्या झाल्या. शेवटी ह्यांनी दात-ओठ खात मशीनचा टाका लांब केला. “असा टाका मी पोत्याला घालत नाही,” असं निदान पाच वेळा तरी म्हणाले असतील. शिवाय कडेला नेहमीसारखी माया सोडली; माया म्हणजे पुढे कपडा सैल करायला शिलाईत राखलेलं जादा कापड.

“कार्डाचं पोट सुटणार आहे का?” मी विचारलं.

“राहू दे,” हे म्हणाले.

मग झाली ट्रायल. हो, कार्डाची ट्रायल. खिसा टाचण्यांनी जोडायचा, कार्ड घालायचं, काढायचं, मान तिरकी करून बघायचं, “जरा अडतंय” म्हणायचं आणि उसवायचं. तोवर माझा स्वयंपाक टेबलाशिवाय चालला होता. मी कणीक पलंगावर मळली. ताटल्या धरून उभं राहून माझे पाय भरून आले. पण खरं सांगायचं तर मी वरवर चिडत होते, आतून नव्हते. तीन वर्षांत पहिल्यांदा हे काम करताना गुणगुणत होते. सूर भयंकर होता, तरी मी दार लावून घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी मात्र हे माझ्याकडे पाठ करून बसले.

“आत काय करताय?”

“काम.”

“बघू.”

“झालं की बघशील.” झालं तेव्हाही दाखवलं नाही. पँट मलमलच्या फडक्यात गुंडाळली, आपल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या चोरखिशात टाकली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस काय करणार ते मला स्वच्छ दिसलं. बाहेरचे सगळे खिसे रिकामे ठेवणार आणि कार्ड चोरखिशात घालणार. मग भावासमोर हाताची घडी घालून बसणार. भावजी चाचपणार, कार्ड सापडणार नाही. आणि तो खिसा कुठे असतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? तिथे हात घातला म्हणजे हरले, नाही घातला म्हणजे भेट टेबलावर तशीच पडून राहणार. भावजीही त्याच आईचे लेक. ते मेले तरी हात घालणार नाहीत, कारखान्यात निघून जातील, आणि माझी जाऊ त्यांच्यामागून कढई घेऊन.

हे अंघोळीला गेल्याबरोबर मी जावेला फोन लावला.

“ऐक. कार्ड चोरखिशात आहे. भावजींना सांग, दुसरीकडे कुठे न शोधता सरळ तिथे हात घालायचा. हसत हसत. आणि वर तोंडाने ‘वा’ म्हणायचं.”

“ह्यांना कोण सांगणार ताई?”

“तू. नवरा तुझा आहे.”

“मग ‘वा’ तेवढं सोडा. हात घालायचं बघते.”

संध्याकाळी तिचा फोन आला. ती दमलेली वाटत होती. “तयार झालेत. म्हणाले, एकदाच. तुझ्यासाठी. नंतर हा विषय बंद आणि उत्तर कारखान्याला.”

सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो. खाली त्यांचं लहानसं दुकान, मागे दोन खोल्या. जावेने टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती आणि आमच्या जुन्या घरातलं घड्याळ भिंतीवर होतं. भाऊ समोरासमोर बसले. दोघांनीही एकमेकांच्या शर्टाची कॉलर पाहिली, मग बाह्या, मग काजं. धंद्याची सवय. 

जेवण सगळं आमच्यामार्फत चाललं.

“वहिनी, दादाला विचारा, बटाटे वाढायचे का.”

“सांग त्याला, आहेत अजून.”

“सूप अळणी झालंय का विचारा.”

“चांगलं झालंय म्हणावं. मीठ कमी आहे.”

हात लांब केला तर एकमेकांना लागेल एवढं अंतर, आणि मी मधल्या पोस्ट ऑफिसात बसल्यासारखी निरोप पोचवत होते. माझं स्वतःचं सूप गार होऊन गेलं. जाऊ माझ्याकडे बघून हसू दाबत होती, पण तिचे डोळे काही हसत नव्हते.

जेवण संपलं. ह्यांनी फडक्यातली पँट काढली आणि टेबलावर सरकवली.

मी नवऱ्याचं कौतुक सहसा करत नाही, त्याने माणूस शेफारतो. पण ती पँट बघून मला गहिवरून आलं. निळी, कडक, घडी अशी की बोट कापावं. बेल्टच्या पट्ट्या काडीपेक्षा बारीक. पुढे बटणाच्या जागी पांढऱ्या कागदाची टिकली. भावजींनी ती उचलली. त्यांचा अंगठा आपोआप शिलाईवरून फिरला, जसा वडिलांच्या हाताखाली दोघांचाही फिरायला शिकला होता. मोठ्या टाक्यांशी तो जरा थबकला. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, एक लांब श्वास घेतला, आणि कुठलाही खिसा न चाचपता दोन बोटं सरळ कमरपट्ट्याच्या आत, उजव्या अंगाला खुपसली.

टर्रर्र.

कमरपट्टा टाक्यांच्या भोकांवरून सुटून त्यांच्या बोटात अंगठीसारखा लोंबकळला. आत काहीच नव्हतं. खिसाच नव्हता.

भावजींनी पँट उलटी केली. उजेडाकडे धरली. मग थेट ह्यांच्याकडे बघून विचारलं:

“चोरखिसा कुठाय?”

तीन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

“नाही ठेवला,” हे म्हणाले.

“का?”

“तुला नको होता ना.”

 मी जावेकडे पाहिलं, जावेने माझ्याकडे. ज्या पँटीत सुरुंग पेरलाय म्हणून मी सगळ्यांना सावध केलं होतं, ती पँट म्हणजे माझ्या नवऱ्याची माफी होती, आणि मी ती फाडायची व्यवस्था करून ठेवली होती.

“दादा,” भावजी म्हणाले, “तुझी तब्येत बरी आहे ना?”

“मला काय झालंय?”

“तू बिनचोरखिशाची पँट शिवलीस?”

“तूच म्हणायचास, वेळ जातो. कोणी वापरत नाही.”

“मी म्हणायचो!” भावजी उठून उभेच राहिले. “मी म्हणणार नाहीतर कोण म्हणणार? पण तू ऐकायचं नव्हतंस! इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, गिऱ्हाइकाला टॉवेलवर बसवलंस, आणि आता म्हणतोस नाही ठेवला? मग मी घर सोडलं ते काय गंमत म्हणून?”

“म्हणजे ठेवला असता तरी तू चिडला असतास!”

“चिडलो असतो! ते वेगळं चिडणं!”

“आणि तू तिथे हात कशाला घातलास? कार्ड मागच्या खिशात आहे, सरळ, माणसासारखं!”

“कारण तो तिथे असतो! सगळ्यांच्या पँटीत असतो! मी बसवतो ना अजून!”

“काय बसवतोस?”

 भावजी पुटपुटल्यासारखं म्हणाले, “चोरखिसा. गेलं वर्षभर. कोणी मागत नाही तरी. हात थांबत नाही तिथे आला की.”

हे टेबलावरचा फाटका कमरपट्टा उचलून बोटांनी सरळ करत राहिले.

“तिकडे कारखान्यात नाही बसवू देणार म्हणा,” भावजी म्हणाले.

“कुठल्या कारखान्यात?”

 भावजींनीच सांगितलं, लांबचं गाव, राहायला खोली, पगार बरा. “फक्त तिथे खिसे शिवत नाहीत. चिकटवतात. गरम पट्टी लावून.”

“चिकटवतात?” हे म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी ह्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “आणि तू तिथे जाणार?”

“इथे एकट्याने भागत नाही दादा.”

“जाऊ नकोस.” ह्यांनी कमरपट्टा खाली ठेवला. “मला पण एकट्याला नको वाटतं दुकान. दिवसभर तोंड उघडायला कोणी नाही. भांडायला सुद्धा माणूस नाही.”

“मी आहे ना,” मी म्हणाले.

“तुला शिवणातलं काय कळतं?” हे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही.

“मग आधी सांगायचं होतंस,” भावजी म्हणाले. 

“तू विचारलंस?”

“मी कशाला विचारू? मोठा तू!”

“मोठा मी, म्हणून सगळं मीच करायचं? पँट पण मीच शिवायची? तू नुसतं फाडायचं?”

“लांब टाका घालशील तर फाटणारच! बारीक का नाही घातलास?”

“बारीक घातला तर तिकिटासारखी सुटते! घालून बघ!”

“आतून कागदाची पट्टी लाव, मग बघ कशी सुटते! आण इकडे कात्री!”

“कागद कुठाय?”

“अगं, कागद आण!” दोघं एकदम ओरडले, दोघंही माझ्या जावेवर.

ती आत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढत बाहेर घेऊन आली. खाकी कागदाचा अख्खा गुंडाळा होता, तिच्या खांद्याएवढा उंच. मी विचारलं, एवढा कशाला आणला होतास?

“जायच्या वेळी भांडी बांधायला, ताई,” ती म्हणाली.

मग तिने तो गुंडाळा दोघा भावांच्या मध्ये टेबलावर धाडकन टाकला, इतक्या जोरात की सुपाचे वाडगे उडाले.

“घ्या,” ती म्हणाली. “सगळा कापा.”